आज कोण रडलं?

चिमटा अगदी व्यवस्थित होता. त्यात घाई नव्हती, राग नव्हता, दातओठ खाणं नव्हतं. चिरंजिवांनी आधी उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांवर घासून पाहिली. मग शेजारी ठोकळे रचत बसलेल्या ढब्बूच्या दंडाची आतली बाजू निवडली, जिथे मांस मऊ असतं आणि बाही खाली ओढली की काही दिसत नाही. आणि कुलपात किल्ली फिरवावी तशी बोटं फिरवली. त्यांचा निवेदक बाप हे सगळं बालवर्गाच्या दाराला असलेल्या गोल काचेतून पाहत होता. ही काच मोठ्यांच्या उंचीवर बसवलेली होती. पालकांना मुलं दिसावीत, मुलांना पालक दिसू नयेत, अशी सोय. घसा बसल्यामुळे आजचं ध्वनिमुद्रण रद्द झालं होतं म्हणून तो लवकर आला होता. नाहीतर सगळं सुरळीत चाललं होतं. ढब्बूचं तोंड उघडलं, पण आवाज काही आला नाही. काही मुलांना रडण्याआधी श्वास साठवावा लागतो, ढब्बू त्यातला. त्याचा श्वास साठेपर्यंत चिरंजिवांचा हात त्याच्या गळ्यात पडलाही होता. म्हणजे रडणं पोचायच्या आधी सांत्वन पोचलं होतं. मग रडणं आलं, दणदणीत आलं, आणि त्यावर एक मऊ, सावकाश, जरा खालच्या पट्टीतला आवाज ऐकू आला : "होतं असं कधीकधी. तुला काय वाटतंय ते मला समजतंय. आपण थोडा वेळ थांबू या हं."

निवेदकाने काचेवरून कपाळ मागे घेतलं. आवाज पाच वर्षांच्या पोराचा होता, पण चाल निवेदकाची स्वतःची होती. 'थोडा वेळ'नंतरची ती बारीकशी विश्रांती, 'समजतंय'मधला तो किंचित ओलावा : या दोन गोष्टींवर त्याचं घर चालत होतं. तो ज्याला लोक नुसतं 'आवाज' म्हणतात त्या धंद्यात होता. शहरात कुठेही काही बिघडलं की तो दिलगीर असायचा. बँकेला फोन लावून ताटकळलेल्या माणसाला तोच सांगायचा की आपला वेळ मौल्यवान आहे याची आम्हाला जाणीव आहे. पाणी बंद होणार असलं, वीज जाणार असली, गाडी उशिरा येणार असली की तोच. पहिल्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी काचेच्या पलीकडून बटणवाल्याने त्याला थांबवून सांगितलं होतं, "छान. पण जरा कमी वाईट वाटू दे. इतकं वाईट वाटलं की चूक आपलीच आहे असं वाटतं." पुष्कळ खटपटीनंतर त्याला ते साधलं. दिलगिरी आहे, पण चूक कोणाचीच नाही. तेव्हापासून तो हा मधला सूर घरीदारी बाळगून होता, आणि खरं सांगायचं तर बायकोशी भांडतानाही त्याचा फार उपयोग व्हायचा. तिचं म्हणणं एवढंच, की तू माफी मागितलीस की मला फोन ठेवून द्यावासा वाटतो.

आत बाई धावत आल्या. बालवर्गाच्या बाई उंच होत्या, पण मुलांशी बोलताना गुडघ्यांवर बसायच्या, त्यामुळे त्यांच्या सगळ्या स्कर्टांचे गुडघे पुसट झालेले होते. त्यांनी ढब्बूला कोपऱ्यात नेलं. तो मायेचा कोपरा. तिथे दोन उशा होत्या. निळ्या उशीवर रडणाऱ्याने बसायचं, लाल उशीवर समजूत घालणाऱ्याने. बाई कोणाला 'जा' म्हणायच्या नाहीत, ज्याला वाटेल त्याने आपण होऊन जायचं, हे त्या कोपऱ्याचं मर्म होतं. आणि ज्याने चांगली समजूत घातली, त्याच्या गळ्यात पिवळा लोकरीचा मफलर. तो घालून घरी जायचं आणि सकाळी परत आणायचा. निवेदकाच्या घरी हा मफलर इतक्या वेळा आला होता की त्याच्यासाठी दारामागे वेगळा खिळा ठोकला होता. येणाऱ्याजाणाऱ्याचं लक्ष त्या खिळ्याकडे जावं अशी व्यवस्था होती, आणि नाही गेलं तर बायको म्हणायची, "अगं, जपून हं, तिथे मफलर आहे." मग सगळं सांगावं लागे. थोरल्या मावशीने तर डोळे पुसले होते. "मुलगा असून!" ती म्हणाली होती. "मुलगा असून इतका हळवा!" आत्ता काचेतून निवेदकाने पाहिलं, तर बाई चिरंजिवांच्या गळ्यात मफलर गुंडाळत होत्या, आणि चिरंजीव मान वर करून उभे होते, न्हाव्यापुढे मान द्यावी तसे. सराईत. ढब्बू निळ्या उशीवर बसून दंडाकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती. उलट, आपल्याला काहीतरी समजायला हवं होतं आणि ते समजलेलं नाही, असा भाव होता. निवेदकाला त्या क्षणी जगात सगळ्यात जवळचा माणूस ढब्बूच वाटला.

"अरे वा, लवकर आज!" दार उघडून बाई म्हणाल्या. "पाहिलंत? पाहिलंत ना तुम्ही? मला काही सांगावं लागत नाही त्याला. कोणाला काही झालं की हा हजर. मला तर कधीकधी वाटतं, याला आधीच कळतं."

"हो," निवेदक म्हणाला. घसा बसल्याने ते नुसतं घरघरलं.

"बरं झालं भेटलात. उद्या एक नवी मुलगी येतेय. घर बदललंय त्यांचं, आईबाबांचं काही... असो. काका आणून सोडणार. बोलत नाही ती. आणि रडतही नाही, हे मला जास्त कठीण वाटतं. पडली, गुडघा फुटला, तरी नाही. आधीच्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, तिला लागलंय हे रक्त दिसल्यावर कळायचं." बाईंनी चिरंजिवांच्या डोक्यावर हात ठेवला. "तर म्हटलं, हिला याच्याशेजारी बसवू. दिवसभर. हा तिची काळजी घेईल. काय रे, घेशील ना?"

"घेईन," चिरंजीव म्हणाले.

इथे बोलायला हवं होतं. निवेदकाच्या नंतर लक्षात आलं की वाक्य तयारच होतं, चार शब्दांचं, सोपं. पण तोंडाशी आलं तेव्हा त्याला त्याच्या आवाजाचा कपडा चढला होता. 'आम्हाला कळवण्यास खेद होतो की'. हे असं कसं बोलायचं दारात, पोराच्या देखत? आणि समजा बोललो. मग पुढे काय? उद्यापासून या पोराचं नाव चिमट्या. ही नावं आयुष्यभर जात नाहीत. त्याच्या स्वतःच्या वर्गातला एक मुलगा दुसरीत एकदा चड्डीत घाण करून बसला होता. पुढे तो मोठा शल्यविशारद झाला, तरी अजून त्याच्याकडे शस्त्रक्रियेला जाताना वर्गमित्रांना हसू येतं. आपलेच दात, आपलेच ओठ. पण ते ओठ उद्या दुसऱ्याच्याच घरातून येणार होते, आणि ते ओरडणार नव्हते. ढब्बू निदान ओरडतो. ढब्बूच्या ओरडण्याला मफलर मिळाला की प्रकरण मिटतं. जी ओरडतच नाही तिला किती चिमटे काढावे लागतील? किती जोरात? "छान," असं तो बाईंना म्हणाला, आणि पोराचा हात धरून निघाला. तो हात अगदी नेहमीसारखा होता. उबदार, जरासा चिकट. त्यातली दोन बोटं नेमकी कोणती, हे त्याच्या हाताला चाचपून कळेना.

रस्त्यावर पोरगं मफलरचं टोक तोंडात धरून चाललं होतं. "ढब्बू का रडला रे?" निवेदकाने विचारलं. सहज विचारल्यासारखा सूर काढायचा प्रयत्न केला. सहजपणा हे त्याच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम, त्याचे वेगळे पैसे पडतात.

"त्याला रडू आलं."

"ते कुठून आलं?"

"आतून," पोरगा म्हणाला. वर बापाकडे बघून त्याने भुवया उंचावल्या, म्हणजे एवढंही कसं माहीत नाही तुला.

चौकात दुकानाबाहेर एक म्हातारा लांब दांड्याच्या झाडूने पायरी झाडत होता आणि मधूनमधून खोकत होता. प्रत्येक खोकल्याला पोरगा थांबून वळून बघत होता. एरवी याच बघण्याने निवेदकाचा ऊर भरून आला असता. आज त्याला त्या बघण्यात अंदाज घेणं दिसलं. मग स्वतःचाच राग आला. मुलगा खोकणाऱ्या म्हाताऱ्याकडे बघतो, यात काय आहे? मुलं बघतातच. आपण एकदा काचेतून पाहिलं आणि आता जग सगळं काचेतून दिसायला लागलं. हे बरोबर नाही. पण कालपर्यंत जे दिसत होतं, तेही कशातून तरीच दिसत होतं ना. म्हातारा पुन्हा खोकला. पोरगा म्हणाला, "त्या आजोबांना पाणी पाहिजे," आणि ते खरं होतं की काय, देवाला ठाऊक. निवेदकाने पिशवीतली पोराची बाटली काढून म्हाताऱ्याला दिली. म्हाताऱ्याने बाटलीकडे पाहिलं, तिच्यावरच्या सशाकडे पाहिलं, आणि म्हणाला, "नको हो, तंबाखूचा खोकला आहे. पाण्याने नाही जात."

त्यांच्या इमारतीच्या लिफ्टमध्येही तोच होता. 'दरवाजे बंद होत आहेत. कृपया दूर उभे राहा.' हे काम त्याने लग्नाआधी केलं होतं, योगायोगाने पुढे त्याच लिफ्टच्या इमारतीत घर मिळालं. चिरंजीव दोन वर्षांचे असताना बाबा घरी नसले की लिफ्टमध्ये घेऊन जा म्हणून रडायचे. बायको न्यायची. पोरगा दाराच्या फटीला तोंड लावून म्हणायचा, "बाबा, ये ना बाहेर." आणि वरून उत्तर यायचं, कृपया दूर उभे राहा. घरी हा विनोद म्हणून सांगितला जायचा; निवेदकही सांगायचा, नक्कल करून. आज लिफ्ट वर जात असताना तो विनोद त्याला अर्धाच आठवला. आपण त्याला समजावलं होतं का कधी, की बाबा लिफ्टमध्ये नसतो? की ते त्याचं त्याने समजून घेतलं? आणि समजून घेतलं ते नेमकं काय, की माणूस नसतानाही त्याचा आवाज काळजी घेऊ शकतो? त्याचं स्वतःचं तर लहानपणीच ठरून गेलं होतं. सहा वर्षांचा असताना त्याने चेंडू मारून शेजारच्या काकूंची कुंडी फोडली. आईने कान धरून नेलं आणि सांगितलं, माग माफी. तो जे काही बोलला ते इतकं सुंदर निघालं की काकूंनी बिस्किट दिलं आणि आतून आपल्या सासूला बोलावलं. "ऐका, ऐका, परत म्हण रे." त्याने परत म्हटलं. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. कुंडीचं कोणी नावही काढलं नाही. ती फुटकी तशीच राहिली असणार, रोप वाळलं असणार. ते काही आठवत नाही. बिस्किटाला मधोमध भोकं होती, हे मात्र स्पष्ट आठवतं.

बायको संध्याकाळी आली. ती रक्ततपासणीच्या ठिकाणी रक्त काढायचं काम करायची आणि तिचा हात हलका म्हणून लोक तिचीच रांग धरायचे. तिने चपला काढल्या, खिळ्याकडे पाहिलं, मफलर दिसला, आणि थकलेल्या चेहऱ्यावर उजेड आला. रोज येतो तो उजेड. निवेदकाने आज पहिल्यांदा तो त्या बाजूने पाहिला, जिथून पोरगा बघायचा तिथून, जमिनीवरून. कारण तो पोराबरोबर आगगाडी मांडत बसला होता. खालून तो उजेड फार मोठा दिसत होता. जेवणाच्या वेळचा प्रश्न मूळ निवेदकाच्या डोक्यातून निघालेला. इतर आईबाप विचारतात, आज काय शिकलास, किती स्टार मिळाले. त्याला वाटलं, आपण असं विचारू नये. आपण दुसऱ्यांबद्दल विचारावं. म्हणून त्यांच्या घरी रोज ताट वाढलं की विचारायचे : "आज कोण रडलं?" आणि मग चिरंजीव सांगायचे, कोण, का, आणि आपण काय म्हणालो. एखाद्या दिवशी कोणीच रडलेलं नसायचं. तेव्हा दोघं म्हणायचे, "अरे वा, छान." पण कसं म्हणायचे? 'छान'चे पुष्कळ प्रकार असतात. त्याच्याइतकं ते कोणाला माहीत असणार.

त्याने बायकोला स्वयंपाकघरात गाठलं, नळ सोडून ठेवला आणि कुजबुजत सगळं सांगितलं. तिचा पहिला प्रश्न होता, "कुठे?"

"वर्गात."

"दंडावर कुठे?"

"आतल्या बाजूला."

"जोरात?"

"मला काय माहीत? पिळला. असा." त्याने हवेत पिळून दाखवलं.

ती हसली. मग आपण हसलो हे लक्षात येऊन तिने ओल्या हाताने तोंड पुसलं. "आणि मग काय म्हणाला? होतं असं कधीकधी?" त्याने मान हलवली. "मी तेच म्हणते," ती म्हणाली. "दिवसभर. सुई टोचते आणि म्हणते, झालं हं, होतं असं, दाबून धरा. परवा सुट्टी होती तेव्हा हा दिवसभर माझ्या शेजारी स्टुलावर बसून होता. बघत होता. बायका रडायला लागल्या की मी खांद्यावर हात ठेवते, तर सगळ्या मलाच थँक्यू म्हणतात. टोचलं मीच, आणि थँक्यू मलाच." ती थांबली. "पण मी रक्त काढते रे. त्याचं काहीतरी होतं पुढे."

"तो तुझा आवाज नव्हता पण. माझा होता," निवेदक म्हणाला. आणि हे कोणाचं श्रेय आणि कोणाचा दोष यावरून आपण घासाघीस करतोय, हे दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं. नळ वाहत होता. तिने तो बंद केला.

"सांगितलंस शाळेत?"

"नाही. उद्या ती नवी येतेय, तिला त्याच्या शेजारी देणार आहेत. रडत नाही म्हणे."

"सांगू नकोस. घरचं आहे, घरी बघू."

"घरी कोणाला चिमटे काढतोय तो? तिथे बसणार ती पोरगी, दिवसभर."

"पाच वर्षांचा आहे! एक चिमटा काढला तर तू लगेच..." तिला पुढचा शब्द सापडेना. "तू लहानपणी काय संत होतास?"

"मी काय म्हणतोय, मला समजतंय तुला काय वाटतंय, पण..."

"हे बघ, हा आवाज नको काढूस!" बायको म्हणाली. "माझ्याशी घोगराच बोल."

जेवायला बसले. सूप होतं, उकडलेले बटाटे होते. कोणी काही विचारलं नाही. चिरंजीव एकदा आईकडे, एकदा बाबांकडे बघत होते. आपलं वाक्य विसरलेल्या नटांकडे प्रेक्षक बघतो तसे. शेवटी न राहवून म्हणाले, "आज विचारलं नाही."

"काय रे?"

"कोण रडलं ते."

बायकोने चमचा खाली ठेवला. "आज दुसरं विचारू या," ती फार हुशारीने म्हणाली. "आज कोण हसलं?"

पोराने विचार केला. बटाटा चावताना त्याच्या कानशिलाजवळ एक बारीक शीर हलायची, ती हलली. "सगळेच हसतात," तो म्हणाला. "त्यात काय करायचं असतं?"

निवेदकाला ते पटलं. हसणाऱ्या माणसाचं काय करतात? त्याच्या सबंध धंद्यात हसणाऱ्या माणसासाठी एकही वाक्य नव्हतं.

निजवायचं काम त्याचं असायचं. गोष्ट सांगायला घसा नव्हता, म्हणून तो नुसताच पलंगाच्या कडेला बसला. दिवा मालवला नव्हता. पोरगा पाठीवर पडून छताकडे बघत होता आणि पांघरुणाच्या कडेची शिवण दोन बोटांत धरून हळूहळू पुढे सरकवत होता, जन्मापासूनची सवय. हीच ती दोन बोटं. "ढब्बूला तू चिमटा काढलास ना?" निवेदकाने विचारलं. घोगऱ्या आवाजात त्याला सूर लावता येत नव्हता. प्रश्न नुसता येऊन पडला.

"हो," पोरगा म्हणाला.

त्याला वाटलं होतं, नाही म्हणेल. नाही म्हणाला असता तर पुढचा रस्ता माहीत होता. "का?"

"तो रडतच नव्हता."

"अरे, मग चांगलंच ना ते?"

"बाई म्हणतात, दुसऱ्याला दुखलं की आपल्याला इथे दुखतं." पोराने छातीवर, जरा उजवीकडेच, बोट टेकवलं. "सगळ्यांना दुखतं, बाई म्हणतात. मला दुखत नाही. म्हणून मी बघत होतो."

"मग? दुखलं?" निवेदकाने विचारलं.

"थोडं. ढब्बूने तोंड असं केलं ना, तेव्हा दुखलं. खरंच." तो उठून बसला, कारण हे महत्त्वाचं होतं. "मग बाईंनी मफलर दिला. मग थांबलं."

खरं बोलत होता का? निवेदकाने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पाच वर्षांचा चेहरा, त्यावर सुपाचा डाग. खोटं बोलणारा आवाज त्याला झोपेतही ओळखू आला असता, त्याचंच खातो तो. हा तसा नव्हता. पण खरं बोलणारा आवाज कसा असतो, हे त्याला ऐकून ओळखता येईलच असं नव्हतं. त्याचा संबंध कमी आला होता. आणि समजा खरं असलं, तर मग हे काय आहे? क्रूरपणा, की क्रूरपणाच्या अगदी उलट काहीतरी, जे दिसायला तसंच दिसतं? दुसऱ्याचं दुःख आपल्याला होतं का हे बघायला कोणी दुसऱ्याला दुखवावं, हे वाईट खरं. पण आपल्याला ते होत नाही याची काळजी वाटावी, हे तर आपल्याला कधी सुचलंही नाही. कुंडी फुटली तेव्हा आपल्याला इथे दुखलं होतं का? बिस्किट आलं. पुढे बिस्किटं येतच गेली. त्याला काहीतरी वडीलधारं बोलायचं होतं. तो म्हणाला, "चिमटे काढायचे नाहीत. काय?"

"बरं."

"उद्या ती नवी मुलगी येईल तिला तर अजिबात नाही."

"ती रडत नाही?"

"नाही."

"मग तिला दुखतंय हे कसं कळणार?" पोरगा म्हणाला. अगदी बाईंनी विचारावं तसं, गुडघ्यांवर बसून विचारल्यासारखं. मग त्याने बापाच्या दंडाची आतली बाजू शोधून तिथे दोन बोटं ठेवली. पिळली नाहीत. नुसती ठेवली, आणि बापाच्या तोंडाकडे बघत राहिला. बापाला कळेना, कसं तोंड करावं. त्याच्या तोंडाने आपण होऊन काहीच केलं नाही. "बाबा, तुला लागत नाही का?" पोराने विचारलं. "अजून तू काही केलंच नाहीस," निवेदक म्हणाला. "हो का," म्हणत पोराने हात काढून घेतला, कूस बदलली आणि झोपून गेला. झोपताना मुलं जशी एकदम जातात, तसा. निवेदक दंड चोळत बसला, जिथे काहीच झालेलं नव्हतं.

सकाळी बायकोने दारातून एवढंच विचारलं, "काय करणार आहेस?" "बघतो," तो म्हणाला. घसा आणखी बसला होता. शाळेच्या दाराशी नवी मुलगी आलेली होती. तिचे काका फोनवर कोणालातरी 'निघालोच, निघालोच' म्हणत होते आणि दुसऱ्या हाताने तिचं दप्तर तिच्या पाठीवरून उतरवायचा प्रयत्न करत होते; ती उतरवू देत नव्हती. लहानशी होती. कपाळावर सरळ कापलेले केस. तिच्या गुडघ्यावर खपली होती, आणि ती कोणाकडेच बघत नव्हती, पण इतक्या लक्षपूर्वक, की कुठे बघायचं नाही हे तिने ठरवून ठेवलेलं होतं. चिरंजिवांनी गळ्यातला मफलर काढून बाईंच्या हातात दिला. बाई गुडघ्यांवर बसल्या. "हे बघ, हा तुझा मित्र. हा खूप खूप दयाळू आहे. आज तू याच्याशेजारी बसायचं हं." चिरंजीव तिच्याकडे बघू लागले. खपलीकडे. मग दंडाकडे. तिचा झगा बिनबाह्यांचा होता.

"बाई, एक सांगायचं होतं," निवेदक म्हणाला, आणि थांबला. नेहमीच्या जागी नेहमीची विश्रांती. पुढे 'गैरसोय' आलं, 'खेद' आला, 'समजून घ्याल' आलं, सगळे शब्द रांग लावून उभे राहिले, आणि बाईंच्या चेहऱ्यावर, लोक फोन कानाला लावून वाट बघताना येतं, ते सौम्य बहिरेपण पसरायला लागलं. त्याने तोंड मिटलं. मग बेडकासारख्या आवाजात तो म्हणाला, "हा चिमटे काढतो. काल ढब्बूला यानेच काढला. मी पाहिलं. हिला याच्याशेजारी बसवू नका."

काकांचं 'निघालोच' बंद झालं. बाई गुडघ्यांवरच राहिल्या. पोराने बापाकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. लिफ्टच्या फटीला तोंड लावलेलं असताना आतून काहीतरी भलतंच ऐकू यावं, तसं त्याने पाहिलं. मग त्याचं तोंड वाकडं झालं. तो ढब्बूसारखा श्वास साठवणारा नव्हता. त्याचं रडणं लगेच आलं, मोठ्याने, आणि त्याला ते कुठे ठेवायचं हे माहीत नव्हतं. त्या वर्गात तो आजवर कधी रडलाच नव्हता. कोणीतरी त्याला निळी उशी दाखवली. आणि मग बालवर्ग धावला. एकजात सगळा. ढब्बू सर्वांत पुढे. पाचसहा हात त्याच्या गळ्यात पडले, लाल उशीवर तिघं बसले, एक दुसऱ्याला ढकलून, आणि सगळे एकाच मऊ, सावकाश, जरा खालच्या पट्टीतल्या आवाजात म्हणायला लागले : "होतं असं कधीकधी. तुला काय वाटतंय ते आम्हाला समजतंय." सबंध वर्गाला चाल पाठ होती. बाई हातात मफलर घेऊन उभ्या होत्या आणि कोणाला द्यावा हे त्यांना कळत नव्हतं. काका निवेदकाला म्हणाले, "तुमचा आवाज कुठेतरी ऐकल्यासारखा वाटतो हो." तो म्हणाला, "नाही, आज बसलाय."

दार बंद झालं. आता जायला हवं होतं. मोठ्यांनी निघून जायचं असतं. तो काचेशी उभा राहिला. सांत्वनाचा ढीग बराच वेळ हलत होता, मग एका बाजूने पोरगा त्यातून रांगत बाहेर आला, ते बाकीच्यांच्या लगेच लक्षात आलं नाही. त्याने नाक बाहीला पुसलं. नवी भिंतीशी होती, दप्तर पाठीवरच ठेवून. बाईंनी तिला कुठेच बसवलं नव्हतं, त्या गडबडीत राहून गेलं होतं. पोरगा तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. काचेकडे पाठ करून. तो काही बोलला का, तिने काही म्हटलं का, हे त्या गलक्यात बाहेर ऐकू येत नव्हतं. तिचा चेहरा जसाच्या तसा होता. पोराने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एका हाताने दुसऱ्या हाताची दोन बोटं मुठीत धरली. घट्ट, धरणाऱ्या मुठीची पेरं पांढरी झालेली दिसत होती. ही बोटं तो अडवून धरतोय, की राखून ठेवतोय, हे मागून कळायला मार्ग नव्हता. दोघं तशीच उभी राहिली. निवेदकाला छातीत, जरा उजवीकडेच, दुखायला लागलं. त्याने तिथे हात ठेवला आणि थांबला, आता थांबेल म्हणून. आत बाईंनी मफलर कोणालाच न देता खुंटीला अडकवला. ते दुखणं काही थांबलं नाही.